राजवैद्याची सुटका

डॉक्टर योआखिम टिडेमानच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची बायको गेसे येईल त्याला सांगायची. लग्न झाल्यापासून तिनं चार दरबार बघितले होते. कुठं ड्यूकचा संधिवात, कुठं राणीचं बाळंतपण, कुठं एका भ्रमिष्ट राजपुत्राची झोप. रोगी बरा व्हायचा, निदान बरा झाल्यासारखा दिसायचा, आणि वर्षा-दोन वर्षांत योआखिमचं मन उठायचं. तेच खुशमस्करे, तेच जिने, राजाच्या पोटाची तीच चौकशी. मग तो गुपचूप दुसऱ्या दरबाराशी बोलणी लावायचा आणि गेसे भांडी गवतात गुंडाळायला घ्यायची.

मॉस्कोला येताना, बर्फावरून घसरगाडी धावत असतानाच तिनं त्याला बजावलं होतं, "हे शेवटचं बरं का. इथून पुढं मी एक ताटली बांधणार नाही."

"तीन वर्षांचा तर करार आहे," तो म्हणाला होता.

ती तीन वर्षं केव्हाच उलटली. झारच्या राज्यात परदेशी वैद्य यायचा तो वाजतगाजत. वेशीवर घोडे, परक्यांच्या वस्तीत घर, हिवाळाभराचं सरपण, मधाच्या दारूची पिंपं, सणाला केसाळ कातड्याचा कोट. पण जायचं नाव काढलं, की औषध-कचेरीतले सगळे एकदम बहिरे व्हायचे.

कचेरीचा मुख्य होता झारचा एक बोयार, म्हणजे बडा सरदार, नेफेद कुझ्मिच. देह अगडबंब, स्वभावानं मायाळू, आणि हट्टाला पेटला की बैल. आंद्रेआसचा मुलगा योआखिम, त्याचा त्यानं पहिल्याच दिवशी 'याकिम आंद्रेयिच' करून टाकला होता.

"सरपण कमी पडतंय का, याकिम आंद्रेयिच?" दर अर्जाला तो हेच विचारायचा.

"सरपण भरपूर आहे, बोयार."

"मासे शिळे येतात?"

"ताजे येतात."

"मग कुणी वावगं बोललं? नाव सांग, पाठ सोलून काढतो त्याची."

"कुणी काही बोललं नाही. माझा करार संपलाय. मला माझ्या गावी जायचंय."

"गावी काय ठेवलंय रे तुझं?" बोयारला खरंच नवल वाटायचं. "लोक बाहेरून इथं येतात. इथनं बाहेर जाऊन माणूस करणार काय?" मग तो आवाज खाली आणायचा. "आणि बघ बाबा, झारचं पोट कशानं बिघडतं ते तुला ठाऊक. ते पोटात घेऊन तू उद्या स्वीडनवाल्यांच्या पंगतीला बसलास म्हणजे? जा, घरी जा. म्हणजे इथल्या घरी."

गेसेचं मात्र मॉस्कोत छान बस्तान बसलं होतं. दोन गायी, बीअर गाळायची खोली, मागच्या अंगणात लावलेली सफरचंदं. पाद्र्याच्या बायकोशी तिचं मेतकूट होतं आणि बाजारातल्या कोळिणींशी रोजचं भांडण. योआखिम तेवढा जेवता जेवता उठायचा, याउझा नदीच्या काठाकाठानं वस्तीच्या टोकापर्यंत जायचा आणि तिथून परत फिरायचा. पुढं पहारा होता असं नाही. पण परवान्याशिवाय पुढं जाऊन पोचणार कुठं?

"कुत्र्याला साखळी घातली की ते झोपतं तरी," गेसे म्हणायची. "तुम्ही साखळी चावत बसता."

अशातच त्याला राणीवशातून बोलावणं आलं.

झारची थोरली बहीण, राजकन्या आग्राफेना, तिशी ओलांडलेली होती. झारच्या बहिणीला प्रजेतला नवरा चालत नाही आणि परधर्मातला राजपुत्र तर त्याहून नाही. म्हणून या घरातल्या मुली राणीवशातच मोठ्या होत आणि तिथंच म्हाताऱ्या होत. तिला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, आणि दिवसभर ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. हे सगळं सांगितलं तिच्या म्हाताऱ्या दाईनं, मात्र्योनानं. राजकन्येनं नव्हे.

खिडक्यांवर लाल कापड टाकून खोली अंधारी केली होती. पलंगाभोवती जाड पडदा. पडद्यातून एक हात बाहेर आला, आणि मात्र्योनानं घाईघाईनं त्याच्यावर मलमल टाकली. परक्याची बोटं राजकन्येच्या कातडीला लागता कामा नयेत.

"जीभ बघायला हवी," योआखिम म्हणाला.

"जीभबीभ दिसायची नाही. मी सांगते, गुलाबी आहे," मात्र्योना म्हणाली.

मलमलीवरून त्यानं नाडी धरली. ठणठणीत नाडी होती. घोडीसारखी.

"समुद्र कसा असतो रे?" पडद्याआडून आवाज आला. "तू समुद्रावरून आलास म्हणे."

"माऊली, त्याला पोटाचं विचारायचंय," मात्र्योना कुजबुजली.

"माझ्या पोटाला काही धाड भरलेली नाही. जर्मन, समुद्राचं सांग."

योआखिम गडबडला. मग सांगायला लागला. त्याच्या ल्युबेकचा समुद्र राखाडी असतो, त्याला डांबराचा वास येतो. जहाज निघालं, की गाव खालून बुडत जातं. आधी धक्का, मग घरं, आणि चर्चचे मनोरे सगळ्यात शेवटी.

"मग परत वर येतं?"

"आपण परतलो तर येतं, राजकन्या."

मात्र्योना पाण्याचा पेला आणायला वळली तेव्हा योआखिम हळूच म्हणाला, "आपल्याला काहीही झालेलं नाही."

"मोठ्यानं बोलू नकोस," तितक्याच हळू उत्तर आलं. "काही झालं नाही म्हणालास, तर तुला परत येऊ देणार नाहीत. आणि मला पुन्हा भरतकामाला बसवतील."

त्यानं पुदिना, गुलाब आणि मधाचं सरबत लिहून दिलं. विषाची शंका नको म्हणून रिवाजाप्रमाणं एक घोट त्यानं स्वतः घेतला, मग औषध बनवणाऱ्यानं, मग बोयारनं. नेफेद कुझ्मिचनं ओठ चाटले. "खात्री करायला हवी," म्हणून आणखी दोन घोट घेतले.

सगळा हिवाळा योआखिम नाडी बघायला जात राहिला आणि समुद्र, बंदरं, डोंगरातले घाट सांगत राहिला. सांगता सांगता त्याचेच पाय शिवशिवायला लागत. इतकी गावं पाहिलेला माणूस आपण, आणि आता ती एका पडद्याला सांगत बसलोय, असं मनात येई. पण तिचे प्रश्न भलतेच असत. सरायमध्ये अंथरूण कोण घालतं? वाट चुकली तर कुणाला विचारायचं? अनोळखी माणूस खरं सांगतोय हे कळतं कसं?

वसंतात बर्फ वितळलं आणि ती खरंच जेवेनाशी झाली. तेव्हा त्यानं बोयारला सांगितलं, "यावर औषध एकच. राजकन्येनं यात्रेला जावं. त्रोइत्साच्या मठात, उघड्या हवेत, गाडीच्या हिसक्यांनी रक्त खेळतं राहील."

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"सगळ्या पुस्तकांत," योआखिम बिनदिक्कत म्हणाला.

प्रवास म्हटल्यावर भुवया उंचावल्या असत्या, पण यात्रेला नाही कोण म्हणणार? धर्मगुरू खूश झाले. झारनं रुकार दिला. गाड्यांची रांग निघाली, आणि शेवटच्या गाडीमागं घोड्यावर योआखिम. पुढच्या गाड्यांतलं त्याला काही दिसलं नाही, पण मात्र्योना मुक्कामाला येऊन कपाळावर हात मारून सांगायची. माऊली आज गवतात अनवाणी चालली. माऊलीनं कांद्याच्या कचोऱ्या हाणल्या, चाकरांच्यातल्या! माऊली गाडीच्या खिडकीला काचेच्या जागी लावलेलं अभ्रक काढून टाका म्हणते.

परतल्यावर नाडी धरायला गेला तर राजकन्या बोलायची थांबेचना. "मी एक माणूस बघितला, नदीत घोडा धुत होता. घोडा हलत होता, तर त्याच्यावर असा ओरडत होता, बायकोवर ओरडावं तसा! आणि घोड्यानं त्याला ढकलून पाण्यात पाडलं." ती हसत सुटली. मग म्हणाली, "पुढच्या साली त्याच्याही पलीकडं जायचं. तिकडं मोठी नदी आहे, व्होल्गा. तुझ्या समुद्राएवढी नसेल, पण दुसरा काठ दिसत नाही म्हणतात."

राजकन्या जेवायला लागली, झोपायला लागली. नेफेद कुझ्मिचनं योआखिमला मिठी मारून तीन वेळा गालांवर ओठ टेकले. हीच वेळ साधावी म्हणून योआखिम म्हणाला, "मग आता मला परवाना द्या."

"आता? आता तर मुळीच नाही! तू सोन्यासारखा माणूस निघालास. असला वैद्य कुणी हातचा जाऊ देतो?" बोयारनं त्याचे खांदे दाबले. "माझं ऐक, याकिम आंद्रेयिच. आमच्या धर्मात ये. जमीन देतो. बायकोला आणखी चार गायी. इथंच म्हातारा हो, इथंच मर, मी स्वतः शवपेटीला खांदा देतो."

घरी येऊन योआखिमनं दारातली बादली लाथेनं उडवली.

"रोगी बरा झाला म्हणून थयथयाट करणारा वैद्य आजच बघतेय," गेसे म्हणाली.

"तुला कळत नाही. तिला गुण आला नसता तर निदान आशा होती. आता हे मला सोडणारच नाहीत."

"मला सगळं कळतं. तुम्हाला तिथं काय हवंय ते तुम्हालाच कळत नाही. इथं आलात तेव्हा तिथून पळालाच होतात ना?"

तो पुन्हा नदीकडं निघून गेला.

शरदात एकदा पडद्याआडून राजकन्येनं विचारलं, "आज तुझी पावलं जड का वाजतात?" मात्र्योना कोपऱ्यात पेंगत होती. त्यानं सांगून टाकलं.

"तू जिथं जिथं राहिलास तिथून निघालास?"

"हो."

"मनात आलं की?"

"मनात आलं की."

"तिथून तू निघालास, तेव्हा मागं जे राहिले त्यांचं काय झालं?"

योआखिमनं आठवून पाहिलं. ड्यूकची कुबडी आठवली. भ्रमिष्ट राजपुत्राची बोटं आठवली, त्याच्या बाहीला घट्ट धरलेली. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

"माहीत नाही, राजकन्या."

"हं," ती म्हणाली. एवढंच.

नाताळाच्या आधी बोयार स्वतः राणीवशात आला. व्होल्गाच्या यात्रेचा बेत ठरायचा होता. राणीवशातल्या चार वडीलधाऱ्या बायका पडद्यापाशी उभ्या होत्या. योआखिमनं नेहमीसारखी मलमलीवरून नाडी धरली, आणि पडद्यामागून एकाएकी किंकाळी आली.

"हात आहेत की बर्फाच्या कांड्या! किती दिवस मी हे सोसायचं? याला बाहेर काढा!"

सगळ्या दचकल्या. बोयारनं आ वासला. "पण माऊली, याच्याच औषधानं..."

"औषध? मधाचं पाणी देतो मला! ते पिऊन माझं पोट ढवळतं. तोंडाला बीअरचा वास येतो याच्या. आणि म्हणे यात्रेला पाठवा! त्या गाडीत माझी हाडं खिळखिळी झाली, ती अजून दुखताहेत. देवाच्या कृपेनं वाचले, याच्या नव्हे. पुन्हा कुणी मला कुठं न्यायचं नाव काढलं, तर मी अन्न सोडीन."

योआखिमच्या कानशिलांत रक्त चढलं. ठणठणीत बाई, आपण बरी केलेली! तो तोंड उघडणार, तोच त्याच्या ध्यानात आलं. मलमलीखालून त्या हातानं त्याचं बोट पकडलं होतं. घट्ट. इतकं घट्ट की दुखावं. वर आवाज त्याच्या नावानं शंख करत होता आणि खाली तो हात बोट सोडत नव्हता.

तेव्हा त्याला कळलं. आणि ती काय फेकून देतेय तेही कळलं.

"याकिम आंद्रेयिच," बोयार खोल आवाजात म्हणाला. "तुला काय म्हणायचंय?"

तीन विद्यापीठांत तो शिकला होता. लॅटिनमध्ये त्यानं भल्याभल्यांना वादात लोळवलं होतं. त्याच्याविषयी असलं कुणी बोलावं आणि त्यानं ऐकून घ्यावं, असं आजवर झालं नव्हतं. आणि दुसरीकडं, नुसतं 'राजकन्या चिडल्यात, यात्रेनं गुणच आला' एवढं म्हणायचं, की तिची नदी शाबूत राहत होती. फक्त मग त्याला इथंच म्हातारं व्हायचं होतं.

हाताची पकड आणखी आवळली.

"राजकन्या म्हणतात ते खरं आहे," तो म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही. यात्रेचं मी अंदाजानं सांगितलं होतं."

हात निसटून पडद्याआड गेला.

बाहेरच्या दालनात नेफेद कुझ्मिच त्याच्याकडं बघत राहिला. "तू वेडा आहेस की अतिशहाणा, मला कळेनासं झालंय. पण राजकन्येला नकोसा झालेला वैद्य ठेवला तर माझी दाढी राहायची नाही." त्यानं सुस्कारा सोडला. "नदीवरचं बर्फ वितळलं की आर्खांगेल्स्कच्या बंदराला जा आणि मिळेल त्या जहाजात बस. शिफारसपत्र मिळणार नाही. आणि वस्तीत कुणाला तोंड दाखवू नकोस, लोक हसतील."

लोक हसलेच. बाजारातल्या कोळिणींनी गेसेला विचारलं, तुझ्या म्हाताऱ्याला माशाचं डोकं कुठलं न् शेपूट कुठलं ते तरी कळतं का? गेसेनं त्यांना जोरकस उत्तरं दिली. नवऱ्याला मात्र ती वसंत येईपर्यंत काही बोलली नाही. गायी पाद्र्याच्या बायकोकडं गेल्या. भांडी बांधताना तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला खरंच काही येत नाही का हो?"

"येतं."

"मग तसं का म्हणालात?"

त्यानं सांगितलं. गेसेच्या हातातली थाळी तशीच राहिली. "म्हणजे त्या बाईनं स्वतःचं दार लावून घेतलं, तुमचं उघडायला."

"हो."

"आणि तुम्ही निघालात."

तिनं थाळी गवतात घातली आणि दोर आवळला.

ल्युबेकला पोचण्याआधीच त्याची कीर्ती तिथं पोचली होती. झारनं अडाणी म्हणून हाकललेल्या माणसाला कुठला दरबार उभा करणार? शेवटी त्यानं धक्क्यालगत दोन खोल्या घेतल्या आणि खलाशांचे मोडलेले हात, किडलेल्या हिरड्या बघायला लागला. दार दिवसभर सताड उघडं. समुद्र समोर. कुठंही जायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी त्याला चैन पडेना. मॉस्कोहून माल आला की तो व्यापाऱ्यांना गाठायचा, आडून आडून विचारायचा. कळलं ते असं, की झारची बहीण अंथरुणाला खिळलीय, नवा वैद्य रक्त काढतो, आणि यात्रेचा विषय कुणी काढत नाही, कारण तो म्हणे कुणा मूर्ख जर्मनाचा सल्ला होता.

त्यानंतर त्याची रात्रंदिवस तगमग सुरू झाली. खरी हकिकत लिहून पाठवावी, तर ती खोटं बोलली हे उघड होणार. न पाठवावी, तर रक्त काढून काढून तिला मारणार. गेसे बघत होती. एक दिवस तिनंच एका तरुणाला हाताला धरून आत आणलं.

"हा लेम्के. रोस्टॉकचा डॉक्टर आहे. पुढच्या जहाजानं मॉस्कोला निघालाय, झारच्या नोकरीवर. बोला याच्याशी."

लेम्के नवा कोट घालून आला होता. त्यानं संकोचानं विचारलं, "तिथं हिवाळ्याला कातडी देतात ती खरंच अस्सल असते का?"

"असते. बस. तिथं एक रोगी मिळेल तुला, पडद्याआडची. रक्त काढायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही. वसंतात तिला व्होल्गाकडं यात्रेला पाठव."

"पण ते तर तुमचं... म्हणजे लोक म्हणतात..."

"लोक म्हणतात टिडेमान गाढव होता. तूही तसंच म्हण. माझ्या नावानं शिव्या घाल, जितक्या मोठ्यानं घालशील तितकं बरं. म्हण, त्या गाढवानं चुकीच्या मठात पाठवलं, चुकीच्या महिन्यात, चुकीच्या गाडीतून. खरा उपाय मलाच ठाऊक आहे म्हण. नेफेद कुझ्मिचला पटेल. त्याला आधी गोड सरबत पाज."

"आणि ती काही विचारते का?"

"समुद्राचं विचारेल. सगळं सांग. घाई करू नकोस."

लेम्के गोंधळून हसला. गेसेनं त्याला दारापर्यंत पोचवताना सांगितलं, "मॉस्कोतल्या आमच्या घरात राहायला मिळालं, तर सफरचंदांना दक्षिणेकडून आडोसा करू नकोस. ऊन लागू दे."

वर्ष गेलं. आणखी एक हिवाळा गेला. एका वसंतात एक मासळीचा व्यापारी बोटाला झालेलं गळू दाखवायला आला आणि बसल्याबसल्या झारच्या राज्याला शिव्या घालायला लागला. "यारोस्लाव्लच्या रस्त्यावर अर्धा दिवस अडवलं आम्हाला. माल सगळा नासला."

"का अडवलं?"

"झारची बहीण चालली होती म्हणे यात्रेला. शंभर गाड्या. आम्हाला चिखलात पालथं पाडून ठेवलं, बघायचं नाही म्हणून."

योआखिमच्या हातातली सुरी थांबली. "कुठं चालली होती? नदीकडं?"

"नदीकडंच. दुसरं काय आहे तिकडं?"

"पोचली का? तब्येत कशी होती? कुणी काही बोललं?"

"अहो डॉक्टर, माझं तोंड चिखलात होतं! मला घोड्यांच्या खुरांचा आवाज तेवढा आला. आणि हां, कुणीतरी बाई गात होती गाडीत, बेसूर. आता ती राजकन्या का दाई, मला काय ठाऊक? ते गळू कापताय का नाही?"

त्यानं गळू कापलं, पट्टी बांधली, पैसे घ्यायचं विसरला. आतून गेसेनं विचारलं, "काय झालं हो?"

"जुना रोगी आहे एक. बरा दिसतोय."

"मग बसा की जरा. सूप गरम आहे."

तो बसला. दोन वाट्या सूप प्याला, पाव खाल्ला, गेसेनं वाढलेली तिसरी वाटीही प्याला. मग तोंड पुसून उठला आणि टोपी शोधायला लागला. धक्क्यावर रीगाचं, झारच्या मुलखालगतच्या बंदराचं, जहाज लागलं होतं. तिकडून आलेल्या कुणाला काही आणखी ठाऊक असलं तर बघावं, म्हणून.